चित्राच्या कडेचा माणूस

त्याला मी फारसा ओळखत नव्हतो. हे आधीच सांगून मोकळा होतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की हा लिहिणारा म्हातारा त्या सैनिकाचा मोठा जिवलग होता. मी फोटोंना आणि चित्रांना फ्रेमा करून देणारा माणूस. तो आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, लहानपणापासून येता-जाता दिसणारा. कामासाठी दुकानात आला तो तीनदा. तिन्ही वेळा मिळून आमचं बोलणं तासभरही झालं नसेल.

तो परदेशात गेला, तिथेच वारला. औषधांच्या दुकानवाल्यांनी त्याच्या आठवणींची पुस्तिका काढायचं मनावर घेतलं आहे. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही दोन पानं द्या."

मी म्हटलं, "मला फ्रेमच्या मागे पेन्सिलीने मापं लिहायची सवय. पानं कसली लिहितो?"

"मग मापात लिहा," ते म्हणाले आणि गेले.

आमच्या हिनेही त्यांचीच री ओढली. "लिहा की. चार माणसांत तोंडातून शब्द फुटत नाही तुमच्या, निदान कागदावर तरी फुटतोय का बघा."

तर लिहितो आहे. त्याच्या शौर्याबद्दल मला काही माहीत नाही, ते ज्यांना माहीत आहे ते लिहितील. माझ्या हातून त्याच्या बाबतीत एक चूक झाली, ती तेवढी मी माझ्या हाताने लिहितो. शिवाय त्याच्या बायकोने मला एक गोष्ट विचारली होती. तिच्या समोर मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

गल्लीत सगळे त्याला शिडी म्हणत. सोळाव्या वर्षीच ताडमाड वाढला आणि अंगावर मात्र मांस नाही. कुणाचा दिवा गेला, कुणाचा पडदा निघाला की हाक यायची, "अरे, शिडीला बोलवा." तो यायचा, हात वर करायचा, काम झालं. खुर्चीसुद्धा लागत नसे. वडील पावाची गाडी चालवायचे, ते लवकर गेले. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, अजूनही करते. तिच्या डोळ्यांना वाफेची सवय झाली आहे, त्यामुळे ती रडली तरी कळत नाही, असं आमची ही म्हणते.

पहिल्यांदा तो आला तो आईबरोबर. सैन्यात भरती होऊन प्रशिक्षण संपलं होतं आणि तुकडीचा फोटो मिळाला होता. साठ-सत्तर मुलं चार रांगांत उभी. माउलीने फोटो टेबलावर ठेवला, शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, हे बघा. एवढ्या मुलांचे फोटो काढले आणि नेमकं माझ्याच पोराचं डोकं कापलं!"

खरंच कापलं होतं. फोटो काढणाऱ्याने सगळ्यांना चौकटीत बसवलं होतं, पण हा जरा जास्तच वर गेला होता. भुवयांच्या वर काही नाही.

"आई," तो म्हणाला, "डोकं असतं तर त्यांनी मला घेतलं असतं का?"

"बघितलंत? असंच बोलतो. तुम्ही काही करू शकता का?"

मी म्हटलं, "ताई, असलेलं मी झाकू शकतो, नसलेलं आणता येत नाही." मोठं काही बोललो असं तेव्हा वाटलं. आता ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

जाताना त्याचं डोकं माझ्या शटरला आपटलं. हे शटर किती वर्षांपासून अडकलं आहे मला आठवत नाही. पूर्ण वर जात नाही, वीतभर खाली लोंबतं. येणारं-जाणारं गिऱ्हाईक बेलाशक खालून जातं. हा एकटाच आपटायचा. मी म्हणायचो, "डोकं सांभाळ," पण ते नेहमी आपटल्यानंतर.

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचं लग्न झालं होतं. त्याला आरशाला फ्रेम करून हवी होती. मी विचारलं, "उंची किती?"

"तिथेच तर भांडण आहे, काका. माझ्या उंचीला लावला तर तिला फक्त छत दिसतं. तिच्या उंचीला लावला तर मला माझी बटणं दिसतात."

बायको बाहेर उभी होती, ती शटरखालून डोकावून म्हणाली, "बटणंच बघत जा. एक तरी धड लावलेलं असतं का?"

शेवटी मी लांबच लांब, अरुंद आरसा करून दिला. दोघांचे चेहरे मावले. त्या दिवशी पट्ट्या जुळवताना मी त्याला विचारलं होतं, सैन्यात तू नेमकं काय करतोस? तो म्हणाला, "पाणी." त्याच्या तुकडीचं काम गढूळ पाणी पिण्याजोगं करायचं. पंप, गाळण्या, पाइप, टँकर. "लढाई कसली काका, नळ दुरुस्त करतो. फक्त नळ जरा लांब असतात." मग माझ्या शटरकडे बघून म्हणाला, "हे पण करून देईन एकदा. याची वरची पट्टी वाकली आहे, बाकी काही नाही."

मध्ये आठेक वर्षं गेली. तो सुट्टीवर आलेला दिसायचा, मुलीला खांद्यावर घेऊन चालायचा. एवढ्या उंचावरून ती आम्हा सगळ्यांकडे राणीसारखी बघायची.

तिसऱ्यांदा आला तो तुकडीबरोबर परदेशी जायच्या दोन दिवस आधी. कागदाची एक गुंडाळी त्याने टेबलावर उलगडली. मुलीने चित्रकलेच्या वहीतलं पान फाडून दिलं होतं, बाबांनी बरोबर न्यावं म्हणून. घर, सूर्य, आई, आजी, ती स्वतः आणि एक भलंमोठं मांजर.

"तिकडे नेलं तर चार दिवसांत चोथा होईल," तो म्हणाला. "ती विचारेल तेव्हा नेलंय म्हणून सांगेन. तुम्ही चांगली फ्रेम करून ठेवा. आलो की घेऊन जातो आणि भिंतीवर लावतो. घरात कुणाला बोलू नका."

मी कुणाला बोलणार? बोलणं हा माझा रोगच नाही.

त्याच आठवड्यात मी काम केलं. चित्रकलेची वही तारेत ओवलेली असते, पान फाडलं की एका बाजूला भोकांची रांग आणि चिंध्या राहतात. तशी कड कुठलाही फ्रेमवाला ठेवत नाही. मी काटकोनाचा गुण्या लावला, पट्टी धरली आणि दोन बोटं रुंदीची ती कड सरळ कापून टाकली. कडेला, भोकांमध्ये, करड्या पेन्सिलीच्या काही उभ्या रेघा होत्या. मुलं पेन्सिलीला टोक केलं की कडेला घासून बघतात, तसं काहीसं असेल असं मला वाटलं. असं वाटलं, असं म्हणतो. खरं म्हणजे मी नीट बघितलंच नाही. चाळीस वर्षं चौकोन सरळ करणाऱ्या माणसाला वाकडी कड दिसते, कडेवरचं दिसत नाही. फ्रेम छान झाली. खाकी कागदात बांधून वरच्या फळीवर ठेवली.

आठव्या आठवड्यात बातमी आली. तिकडे पुराने रस्त्याखालची माती वाहून गेली होती, वरून रस्ता धड दिसत होता. टँकर त्यावरून गेला आणि उलटला. गाडीत दोघे होते. दुसरा वाचला.

महिन्याभराने त्याचं सामान आलं. त्या सुमारास आम्ही दोघं त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. म्हणजे हिने मला नेलं. अशा घरी काय बोलायचं ते मला कळत नाही, मी खुर्चीच्या टोकावर बसून पंख्याकडे बघतो. सामानाची पेटी खोलीच्या मधोमध होती आणि सात वर्षांची पोर तिच्यात हात घालून सगळं बाहेर काढत होती. तिच्या आईने विचारलं, "काय शोधतेस गं?"

"माझं चित्र. बाबांनी नेलं होतं."

"असेल तिकडेच राहिलं, बाळा."

"ते फोनवर म्हणाले, उशाशी ठेवलंय."

त्या क्षणी मला वाटलं, देवानेच मला इथे आणून बसवलं. मी उभा राहिलो. आयुष्यात प्रथमच भरल्या खोलीत स्वतःहून बोललो. "चित्र माझ्याकडे आहे. फ्रेम करून ठेवलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तसाच दुकानात गेलो, या वयात जेवढं पळता येतं तेवढं पळत, आणि पुडकं घेऊन आलो.

मुलीने खाकी कागद फाडला. चित्र दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं. मग मान वर करून मलाच विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

कुणा बाईने हुंदका दिला. त्या बाईला वाटलं पोर वडलांबद्दल विचारते आहे. पण ती चित्राबद्दल विचारत होती. "इथे होते," तिने काचेच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "मांजराच्या बाजूला."

तिच्या आईने हळू विचारलं, "बाबांना तू एवढं कडेला का काढलंस?"

"मांजर मोठं झालं. मग जागाच उरली नाही. बाबा बारीक आहेत ना, भोकांमध्ये मावले."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. घरात मांजर नाही त्यांच्या. नसलेलं मांजर मी चांगल्या लाकडात बसवून दिलं होतं आणि माणूस कापून टाकला होता.

कापलेला कागद फेकला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आमच्या धंद्यात जाड कागदाची पट्टी कुणी फेकत नाही. फ्रेमच्या आत चित्र सैल बसलं तर काचेमागे, कडेला अशी पट्टी घालून ते घट्ट करतात. माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, कात्रणं त्यात जातात आणि त्यातूनच पुढच्या फ्रेमांत. डबा उपडा केला. ती पट्टी नव्हती. म्हणजे मी ती कुठल्यातरी फ्रेममध्ये घातली होती. त्या तारखेपासून मी चौदा फ्रेमा करून दिल्या होत्या.

"मग बघत काय बसलात?" आमची ही म्हणाली. "चौदा घरं आहेत. चौदाशे नाहीत."

मला लोकांच्या घरी जायची लाज वाटते, आणि जाऊन सांगायचं काय? मी केलेलं काम मला परत उघडू द्या, माझ्या हातून चूक झाली आहे. पण ही बरोबर आली. मी पिशवीत पक्कड, हातोडी, बारीक खिळे आणि खाकी कागद घेतला. हिने यादी घेतली.

पहिला नंबर औषधवाल्यांचा. त्यांच्या लायसनची फ्रेम मीच केली होती. ते म्हणाले, "अहो, हे भिंतीवरून काढलं आणि नेमका तपासनीस आला तर?"

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

"आला तर सांगा, लायसनची तब्येत बिघडली आहे," ही म्हणाली. "औषधं आहेतच तुमच्याकडे."

लायसनच्या मागे नुसता पुठ्ठा निघाला. दुसऱ्या घरी शाळेचा गट, तिसऱ्या घरी पोहण्याच्या शर्यतीचं प्रमाणपत्र. चौथ्या घरी एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात, त्यांच्या पोपटाचा फोटो मी केला होता. त्या म्हणाल्या, "त्याला सांभाळून हाताळा हो. आधीच गेलेला आहे बिचारा." त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः पक्कड धरून मला मदत केली. तिथेही नव्हतं. कुणी रागावलं नाही, हे मला नवल वाटलं. उलट ज्या घरी जाऊ तिथे आमच्या आधीच फ्रेम भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलेली असायची. बातमी आमच्या पुढे धावत होती.

तीन दिवस गेले. नववी फ्रेम दातांच्या डॉक्टरांकडची. दात कसे घासावेत याचं मोठं चित्र, बाहेरच्या खोलीत लावलेलं. बाकावर गाल सुजलेली तीन माणसं. डॉक्टर हातमोजे घातलेलेच बाहेर आले आणि म्हणाले, "हळू उपटा. दुखायला नको." मी एकेक खिळा पकडीने ओढला, मागचा बोर्ड उचलला. डाव्या बाजूला पांढरी पट्टी होती. उलटी केली. दोन लांब पाय आणि दोन तपकिरी बूट, दोन्ही एकाच दिशेला तोंड केलेले.

उजव्या बाजूला दुसरा तुकडा. पट्टी मोठी पडली म्हणून मीच तिचे दोन भाग केले होते. त्यावर कमरेपासून वरचा भाग. मान, हसणारं तोंड, डोक्यावर टोपी. डोकं पूर्ण होतं. आईच्या त्या फोटोत कापलेलं, इथे मुलीने टोपीसकट पूर्ण काढलं होतं. हात मात्र एकच, आणि तोही मनगटापाशी संपलेला.

मला बसावंसं वाटलं. गाल सुजलेल्यांपैकी एकाने सरकून जागा दिली.

दुकानात येऊन मी दोन्ही तुकडे चित्राशेजारी ठेवले, तेव्हा हाताचा पत्ता लागला. मांजराच्या पाठीवर पाच काटे होते, मला ते मांजराचे केस वाटले होते. ती त्याची बोटं होती. मांजराच्या अंगावरून त्याचा हात मुलीच्या बाजूला गेला होता.

पिठाची पातळ खळ केली, मागून झिरझिरीत कागद लावून तुकडे जोडले. एवढ्या सावकाशीने मी कुणाचं काम केलेलं नाही. तरी सांधा दिसतो, बाजूने एक उभा आणि कमरेत एक आडवा, केसासारखा. तो मला लपवता येत नाही. मोठी फ्रेम केली, काठाने काही झाकायचं नाही असं ठरवून. भोकं, चिंध्या, सगळं काचेखाली दिसतं. वाकडी कड तशीच ठेवून काच बसवताना माझा हात सारखा गुण्याकडे जात होता.

त्यांच्या घरी नेलं तेव्हा मुलीने आधी बोटं मोजली. पाच भरली. मग बूट बघितले. मग म्हणाली, "आजोबा, भोकं पण ठेवलीत?"

"ठेवली."

"मग बरोबर आहे."

आजी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. ती पुढे आली, टोपीवरून काचेवर बोट फिरवलं आणि परत इस्त्रीकडे गेली.

लावायचं कुठे हा प्रश्न होता. त्या भिंतीवरचे सगळे खिळे त्याने ठोकलेले, त्याच्या उंचीचे. घड्याळसुद्धा असं की बघायला मान मोडावी लागते. मी स्टूल मागितलं, तर त्याची बायको म्हणाली, "नको काका. खाली लावा. तिला दिसेल असं." मग मी गुडघ्यावर बसून आरशाच्या शेजारी नवा खिळा ठोकला.

मी उठायला भिंतीचा आधार शोधत होतो, तेव्हा तिने मला हात दिला आणि विचारलं, "काका, हे चित्र द्यायला आला तेव्हा तो काय म्हणाला?"

मला सगळं आठवत होतं. पण त्यात माझाही एक प्रश्न होता, आणि तो सांगितला तर मी दोष त्याच्या माथी मारतो आहे असं होईल, ही भीती वाटली. मी म्हणालो, "विशेष काही नाही."

"विशेष नकोच आहे मला," ती म्हणाली. "विशेष सगळेच सांगून जातात."

मी तरीही हातोडी पिशवीत टाकली आणि निघालो. घरी आल्यावर हिने मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. त्याची बायको हे वाचेल, म्हणून जसं झालं तसं लिहितो. त्यात काही जोडत नाही आणि या वेळी काही कापतही नाही.

दुपारची वेळ होती. चित्र टेबलावर पसरलेलं, त्याच्या चार कोपऱ्यांवर मी वजनं ठेवली होती. तो निघाला होता. मी मान खाली घालून मापं घेत होतो, त्याच्याकडे बघतही नव्हतो. विचारलं, "कडेची ही भोकं कापून टाकू ना?"

"तुम्ही बघा ना काका. तुम्हाला कळतं त्यातलं."

"मग परवाच्या आत नको ना?"

"छे. घाई नाही. आल्यावर नेईन."

"बरं."

"आल्यावर त्या शटरचंही बघू."

"बघ. आणि डोकं सांभाळ."

त्या दिवशी मी आधी म्हणालो होतो. तो वाकला, नीट खालून बाहेर गेला, रस्त्यावर सरळ उभा राहिला आणि वाकून परत आत बघत म्हणाला, "आज नाही लागलं."